केंद्राचे दार कोणत्या बाजूला उघडते?

आमच्या भागातील बोलीत एक भेद पाळला जातो. माणूस आजारी पडला की त्याला दवाखान्यात 'भरती' करतात. तो दारूपायी घराला नकोसा झाला की त्याला केंद्रात 'टाकतात'. दवाखान्यातून परतणाऱ्याची 'सुट्टी होते', व्यसनमुक्ती केंद्रातून परतणारा 'सुटून येतो'. टाकणे आणि सुटणे ही दोन्ही क्रियापदे आपण एरवी तुरुंगासाठी राखून ठेवलेली आहेत. भाषा शिकविण्याचा व्यवसाय पत्करलेल्या माणसाला असल्या गोष्टी कानाला खटकण्याची खोड लागते, आणि ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. येथे मात्र या दोन क्रियापदांचा संबंध थेट विटा, चुना, गज आणि कुलूप यांच्याशी पोहोचतो. ज्या जागेत माणसाला टाकायचे आहे, त्या जागेच्या दाराला कडी बाहेरून असणार, हे ओघाने आलेच.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. दारूवर जितका सार्वजनिक वाद या जंगलपट्टीत झाला तितका महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच झाला असेल. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली दारूबंदी आली. चंद्रपुरात 'श्रमिक एल्गार'च्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या, आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठविली. बंदी असावी की नसावी, महसूल किती बुडाला, चोरटी दारू किती आली, अशा प्रश्नांवर समित्या बसल्या, अहवाल निघाले, अग्रलेख लिहिले गेले. हे सर्व वाङ्मय एकत्र करून चाळले तर त्यात बाटलीविषयी सर्व काही सापडेल. खाटेविषयी जवळजवळ काही सापडणार नाही. बंदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याचे हात थरथरू लागले त्याला कोठे निजवायचे, हा प्रश्न बंदीच्या बाजूच्यांनी पुरेसा विचारला नाही आणि विरोधकांनी तर मुळीच विचारला नाही.

हा प्रश्न गौण नाही, कारण दारू अचानक तुटणे ही शरीराच्या दृष्टीने एक घटना असते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू थांबली की काही तासांत कंप, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. आणि साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. माणूस भिंतीवर किडे पाहतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, रात्री उठून पळू पाहतो. योग्य औषधे, जीवनसत्त्वे, पाणी आणि जागता माणूस यांच्या आधाराने हे दिवस निभावतात; आधार नसेल तर यात मृत्यूही येतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने देशभरातील दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली तेव्हा केरळातून आत्महत्यांच्या बातम्या आल्या होत्या, हे अनेकांना आठवत असेल. म्हणजे दारू सोडविण्याची जागा ही प्रथमतः रुग्णाची जागा आहे, आणि उपदेशाची, प्रार्थनेची, गटचर्चेची जागा ती नंतर होते. तिची इमारत ठरविताना हा क्रम सांभाळला पाहिजे.

प्रत्यक्षात इमारत कशी असते? एका विद्यार्थ्याच्या वडिलांना भेटण्याच्या निमित्ताने काही वर्षांपूर्वी मी अशा एका ठिकाणी गेलो होतो. ते या दोन जिल्ह्यांबाहेरचे होते. आमच्याकडची पुष्कळ कुटुंबे आपला माणूस बाहेरच पाठवितात. ते एक भाड्याचे दुमजली घर होते, नव्या वस्तीच्या टोकाला. खाली मालकाचे सामान आणि कार्यालयाचे टेबल, वर जाणारा एकच अरुंद जिना, जिन्याच्या तोंडाशी दुकानाला असते तसे सरकते चॅनल गेट आणि त्याला पितळी कुलूप. वरच्या दोन खोल्यांत जमिनीवर ओळीने गाद्या. खिडक्यांना आडवे-उभे गज, त्यावर जाळी, जाळीवर पुन्हा टिनाचा तुकडा, कारण 'बाहेरून पुड्या टाकतात'. स्वयंपाकाचा गॅस जिन्याखाली. मी विचारले, रात्री किल्ली कोणाजवळ असते? गृहस्थ सरळ माणूस होता, म्हणाला, "सरांजवळ. सर घरी जातात." सरांचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते.

असे प्रत्येकच केंद्र असते असे मी म्हणत नाही. उत्तम चालविलेली, स्वच्छ, माणुसकीची केंद्रे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ साली सुरू झाले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांच्या प्रयत्नांतून आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साह्याने. मराठी वाचकाला व्यसनमुक्ती नावाची काही वास्तू असू शकते, तिच्यात माणसे काही आठवडे राहतात, हसतात, चिडतात आणि बरी होतात, हे प्रथम अवचटांच्या लेखनातून कळले. त्याआधीचे आपले वाङ्मयीन दारूडे घरातच पीत आणि घरातच मरत. 'एकच प्याला'तल्या सुधाकराला नेऊन ठेवावे अशी जागाच नाटककाराच्या काळात नव्हती. परंतु चांगल्या संस्थांचा दाखला देऊन वाईट इमारतींचा प्रश्न टाळता येत नाही. चांगली संस्था तिच्या माणसांमुळे चांगली असते. नियम करावे लागतात ते जेथे अशी माणसे नाहीत त्या जागेसाठी.

नियम नाहीत असेही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था समाविष्ट केल्या. याचे परिणाम दूरगामी आहेत. अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या संस्थेला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. रुग्णाला सुरक्षित व स्वच्छ वातावरण, पुरेशी स्वच्छतागृहे, खासगीपणा, अंगावर नीट कपडे मिळण्याचा अधिकार आहे. त्याचे मुंडण सक्तीने करता येत नाही, सक्तीने कामाला जुंपता येत नाही. कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येत नाही. एकांतकोठडी वर्ज्य आहे. शरीराला आवर घालायचाच झाला तर तो तात्काळ धोका टाळण्यापुरता, मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीने आणि शिक्षा म्हणून कधीच नाही. स्वेच्छेने दाखल झालेल्याने जातो म्हटले तर त्याला जाऊ द्यावे लागते. डॉक्टरला फार तर एक दिवस थांबवून तपासता येते. इच्छेविरुद्ध दाखल करण्याचीही वाट आहे, पण तिला तपासणी, मुदत आणि दाद मागण्याची सोय यांचे कुंपण आहे. हा कायदा वाचताना माझ्यासारख्याला जाणवते ते असे की, त्यातील निम्मी कलमे शेवटी भिंतीवर, दारावर आणि कडीवर येऊन थांबतात. खासगीपणाचा अधिकार म्हणजे न्हाणीघराला दार. सुरक्षित वातावरण म्हणजे दुसरा जिना.

इमारतीचे शास्त्र सांगणारा ग्रंथ वेगळा आहे. २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता संस्थात्मक इमारतींचा एक गट मानते आणि त्याचे तीन भाग करते: रुग्णालये व आरोग्यधामे, वृद्धाश्रम, अनाथालये यांसारखी निगराणीची घरे, आणि तिसरा भाग कारागृहे व मनोरुग्णालये यांचा. हो, संहितेच्या लेखी ही दोन अजून एकाच कप्प्यात आहेत. आता आपले व्यसनमुक्ती केंद्र कोणत्या भागात बसते? पहिल्यात धरले तर दारे रुग्णाला बाहेर पडता येतील अशी हवीत. तिसऱ्यात धरले तर दार बंद ठेवण्याची मुभा गृहीत धरली जाते, पण त्याबरोबर चोवीस तास जागता पहारा आणि दार तत्काळ उघडण्याची व्यवस्थाही येते. व्यवहारात भाड्याच्या घरातले केंद्र या तिन्ही भागांबाहेर, साधे राहते घर म्हणून उभे असते. त्याला रुग्णालयाची मोकळी दारे नसतात आणि तुरुंगाचा पहारेकरीही नसतो. कुलूप मात्र असते. शिवाय ही संहिता स्वतः होऊन कोणावर बंधनकारक नाही. स्थानिक नियमांत ती जितकी उतरेल तितकीच लागू होते. राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली परवानाधारक यंत्रणेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आगयंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. परंतु ज्या जागेची इस्पितळ म्हणून कोठे नोंदच नाही तिच्याकडे ते मागायला कोण जाणार?

६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली. गवताने शाकारलेले छप्पर होते. आतली माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण जळून मेले. देश हादरला, सर्वोच्च न्यायालयाने स्वतः दखल घेतली. त्या वेळी झालेल्या चर्चेत गवताच्या छपरावर बरेच बोट ठेवले गेले, आणि ते अस्थानी नव्हते. पण पाच वर्षांनी, ९ डिसेंबर २००६ च्या रात्री, मॉस्कोतल्या १७ क्रमांकाच्या व्यसनोपचार रुग्णालयात आग लागली. ती पक्की, सरकारी, बहुमजली इमारत होती. चाळीसहून अधिक स्त्रिया गेल्या, बहुतेक धुराने. खिडक्यांना गज होते आणि एका बाजूचा बाहेर पडण्याचा मार्ग कुलूपबंद जाळीने अडलेला होता. २०१२ च्या जानेवारीत पेरूची राजधानी लिमा येथील एका खासगी केंद्रात २७ जण गेले. तेथेही गज, तेथेही कुलूप. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये इराणच्या लंगरूद शहरातील व्यसनमुक्ती केंद्राच्या आगीत तीसहून अधिक माणसे मेली. छप्पर गवताचे, भिंत विटेची, देश श्रीमंत, देश गरीब, संस्था सरकारी, संस्था खासगी, असे सारे बदलत जाते. एरवाडी, मॉस्को आणि लिमा येथे बदलली नाही ती एक गोष्ट म्हणजे आतल्या माणसाला बाहेर येता येत नव्हते. एरवाडीत साखळी होती, मॉस्कोत जाळी होती, इतकाच फरक.

संस्कृतात 'व्यसन' शब्दाचा अर्थ आपण आज वापरतो त्याहून विस्तृत आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राचे आठवे अधिकरणच व्यसनांना वाहिले आहे. त्यात एका ठिकाणी मृगया, द्यूत, स्त्री, पान ही पुरुषाची व्यसने येतात आणि लगेच पुढे अग्नी, जल, व्याधी, दुर्भिक्ष, मरी ही दैवी व्यसने येतात. म्हणजे मद्य हेही व्यसन आणि आग हेही व्यसन. मराठीने यातला पहिला अर्थ ठेवला, दुसरा टाकून दिला. पहिल्या व्यसनातून सोडविण्यासाठी उभारलेल्या घरात दुसऱ्या व्यसनाचा विचार असावा अशी अपेक्षा करणे कौटिल्याला तरी अवाजवी वाटले नसते. असो.

कुलपाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. केंद्रचालक म्हणतात, गेट उघडे ठेवले तर पहिल्या रात्रीच निम्मे जण पळतील. बायको म्हणते, पोटाला चिमटा घेऊन पैसे भरले आहेत, तो दोन दिवसांत परत आला तर मारझोड करील. आणि भ्रमात असलेला माणूस खरोखरच विहिरीकडे किंवा हमरस्त्याकडे धावू शकतो. त्याला अडविणे ही त्याच्यावर दयाच आहे. हे सर्व मान्य करूनही कुलूप सिद्ध होत नाही. भ्रमातल्या माणसाला अडविण्यासाठी जवळ बसलेला जागता माणूस लागतो. कुलूप त्याला पळू देत नाही, पण झटका आला, उलटी घशात अडकली, तो स्वतःच्या जिवावर उठला, तर कुलूप काहीच करीत नाही. मुळात कुलूप हे रात्रपाळीच्या सेवकाच्या पगाराला काढलेला पर्याय आहे. हा हिशेब केंद्रांनी उघडपणे मांडावा आणि शासनाने अनुदान देताना तो भरून काढावा. फाटक बंद ठेवायचेच असेल तर कडी आतल्या बाजूने असावी, आत जागा असलेल्या सेवकाला एका हाताने उघडता यावी, आणि प्रत्येक मजल्यावरून बाहेर पडायला दुसरी वाट असावी. किल्ली घेऊन सर घरी गेले असतील, तर तेथे रात्री उपचार चालू होते असे म्हणता येणार नाही; माणसे कोंडलेली होती.

आता या दोन जिल्ह्यांकडे पाहू, कारण दिल्लीत किंवा मुंबईत बसून लिहिलेल्या मानकांत जे येणार नाही ते येथे रोजचे आहे. पहिले म्हणजे ऊन. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी यांची नावे मे महिन्यात देशातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत येतात. पारा ४७ अंशांच्या घरात जातो. दारू तुटलेला माणूस आधीच घामाने आणि उलट्यांनी पाणी गमावत असतो. त्याला टिनाच्या छपराखाली, जाळीवर टिन ठोकून वारा अडविलेल्या खोलीत ठेवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. म्हणून कुलर येतो, आणि कुलरबरोबर ओली फरशी, सैल वायर, अर्थिंग नसलेला प्लग. कुलरचा धक्का लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात कोठे ना कोठे छापली जाते. ज्याचे पाय आधीच लटपटत आहेत त्याच्या खोलीत हा धोका किती पटींनी वाढतो हे सांगायला नको. तेव्हा आमच्याकडच्या मानकात अग्निशामक नळकांड्याच्या आधी अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारे यंत्र आणि छपराखाली उष्णता अडविणारा थर यांची नोंद हवी.

दुसरे, खाट. जमिनीवर ओळीने अंथरलेल्या गाद्या शहरात फक्त गैरसोयीच्या असतील. जंगलपट्टीत त्या जिवावर बेततात. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही, सूज नाही, फारशी वेदना नाही. पहाटे पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. व्यसनमुक्ती केंद्रात अडखळत बोलणाऱ्याकडे कोण लक्ष देणार? औषधाची गुंगी आहे म्हणून पांघरूण घालतील. तीच गत मच्छरदाणीची. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा कायमच मोठा राहिला आहे; मच्छरदाणी हवीच. पण तिच्यात पडून बिडी ओढणाराही त्याच खोलीत असतो. दारू सोडलेल्या माणसाची बिडी आणि खर्रा एकाच दिवशी सुटत नाही, ही वस्तुस्थिती न मानता 'धूम्रपानास सक्त मनाई' अशी पाटी लावली की बिडी पांघरुणाखाली जाते. बिडीसाठी उघड्यावर ठरलेली जागा आणि वाळूची बादली असणे अधिक शहाणपणाचे. (तंबाखूमुक्तीच्या कार्यकर्त्यांना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे.)

तिसरे, अंतर. अग्निशमन दल म्हणजे नगरपालिकेचा बंब. तो जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी. सिरोंचा ते गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे आणि तिने पुष्कळांना वाचविले, पण तिलाही रस्ता लागतो. अशा ठिकाणी पहिला अर्धा तास बाहेरून कोणी येणार नाही हे धरूनच इमारत आखली पाहिजे. शहरातल्या इमारतीला क्षणभर बंबाच्या भरवशावर राहता येते. येथे जो काही भरवसा तो दाराच्या रुंदीवर.

येथेच एक आक्षेप पुढे येतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. मानके कडक केली की ती शेवटी सिमेंटची भाषा बोलू लागतात: इतक्या इंचांची भिंत, इतक्या फुटांचा जिना, अमुक प्रमाणपत्र. मग जंगलातली साधी, चांगली जागा नापास होते आणि शहरातली गुळगुळीत फरशीची कोंडवाडी पास होते. या भीतीला आधार आहे. गडचिरोलीजवळच्या शोधग्रामात डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभारलेल्या दंतेश्वरी दवाखान्याची हकीकत सर्वश्रुत आहे. गोंड लोकांना मोठ्या इस्पितळाच्या इमारतीची धास्ती वाटे, तेथे नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत हा त्यांचा मुख्य सल होता. म्हणून दवाखाना त्यांच्या गावासारखा, कुटुंबासह राहता येईल अशा झोपड्यांचा बांधला गेला आणि त्याला त्यांच्या देवीचे नाव मिळाले. तिकडे वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवन सुरू केले तेव्हा ज्यांना गावाने टाकले होते त्यांनीच आपली घरे बांधली. हे दोन्ही प्रयोग आमच्याच दोन जिल्ह्यांतले आहेत, आणि दोन्ही ठिकाणी रुग्णाच्या राहण्याची रचना रुग्णाच्या मनापासून सुरू झाली.

या आक्षेपाला उत्तर देता येते. मानकाने भिंत कशाची आहे हे विचारू नये. भिंतीने काय साधले पाहिजे ते विचारावे. कवेलूचे छप्पर चालेल, उतरंडीची पडवी चालेल, मातीची भिंत चालेल. प्रत्येक झोपडीला समोरासमोर दोन दारे आहेत का, दोन झोपड्यांत आग उडी मारणार नाही इतके अंतर आहे का, चूल आणि गॅस निजण्याच्या जागेपासून दूर आहेत का, न्हाणीची कडी बाहेरूनही काढता येते का, भ्रमाच्या दिवसांतला रुग्ण सेवकाच्या नजरेच्या टप्प्यात निजतो का, एवढे पाहावे. शोधग्रामासारखी विखुरलेली, एकमजली, मोकळ्या अंगणाची रचना या कसोटीवर चॅनल गेटच्या दुमजली घरापेक्षा कितीतरी वर उतरेल. एकमजली घरातून पळायला जिना लागत नाही. सोबत राहणारे नातेवाईक म्हणजे रात्रपाळीला विनावेतन जागणारी माणसे. शहराने आमच्याकडून येथे काही घेण्यासारखे आहे, पण तसे सहसा घडत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. तपासणी सुरू केली तर आधीच मोजकी असलेली केंद्रे बंद पडतील, मग माणसे जातील कोठे? २०१६ पासून 'मुक्तिपथ' अभियानाने गडचिरोलीत तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक आणि गावात शिबिरे, असा मार्ग धरला आहे. तो या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे, कारण सर्वांनाच महिनाभर दाखल होण्याची गरज नसते. ज्यांना ती असते, ज्यांना झटके येऊन गेले आहेत, ज्यांचे वय झाले आहे, ज्यांचे यकृत खराब आहे, त्यांची पहिली काही दिवसांची सोय ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत चार-सहा खाटा राखून करता येण्यासारखी आहे. तेथे डॉक्टर आहे, सलाइन आहे. इमारती आहेतच. अर्थात सरकारी इमारत म्हणजे सुरक्षित इमारत असे समजण्याची सोय राहिलेली नाही. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर शेजारच्या भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून १० बाळे गेली. राज्यभर इस्पितळांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता कक्ष पेटला आणि ११ रुग्ण दगावले. आदेश आणि दार यांच्यामध्ये दहा महिने पुरले नाहीत. ज्यांच्यासाठी सारे राज्य रडले त्या बाळांच्या बाबतीत ही गत, तर ज्यांना आपण 'टाकले' आहे त्यांच्यासाठी कोण फाईल हलविणार?

म्हणून तपासणी केवळ खात्यावर सोपवू नये असे मला वाटते. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांबरोबर जाणाऱ्या पथकात अशी माणसे हवीत ज्यांचा या प्रश्नात जीव गुंतला आहे. ती आमच्याकडे आहेत. गावोगावच्या दारूबंदी समित्यांतल्या बायका मोहसडवा शोधायला रात्री जंगलात शिरतात, नाल्याच्या काठावर पुरलेले माठ हुडकून काढतात, विक्रेत्याच्या शिव्या खातात. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक द्रव्यांच्या बाबतीत अधिकार दिलेलेच आहेत. यातल्या पुष्कळ बायकांचे नवरे, भाऊ, मुलगे कधी ना कधी एखाद्या केंद्रात राहून आले आहेत. आत काय होते ते त्यांनी घरी ऐकले आहे. गावाने आपला माणूस बाहेरच्या केंद्रात पाठविण्यापूर्वी समितीच्या दोघी-तिघींनी ते केंद्र जाऊन पाहावे. भेटीची वेळ आधी कळवू नये. जमल्यास रात्री नऊनंतर जावे, घंटा वाजवावी, आणि आतून कोणी येऊन दार उघडीपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळात पाहावे. आतून कोणी आलेच नाही, कुलूप बाहेरून दिसले, तर पैसे भरू नयेत. त्याच रात्री १०८ ला नव्हे, ११२ ला फोन करावा.